लोर्ना आपांना काय लिहू

हूरा, मनामा
३ मार्च २०२५

नुमान,

सलाम. हा फोन नाही, पत्र आहे, तेव्हा तुला मध्येच बंद करावा लागणार नाही. वाचावंसं वाटलं नाही तर नंतर वाच. सदफ या कागदांचे फोटो काढून तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवील. तिकडे अमेरिकेत तू ते उघडलंस की दोन निळ्या खुणा येतात म्हणे. त्या आल्या की मला सांग, एवढं तिला बजावलं आहे. उत्तराची सक्ती नाही.

गेल्या आठवड्यात तू म्हणालास, "अब्बा, तुमची काळजी सांभाळायला माझ्यात ताकद नाही आता." आणि फोन ठेवलास. मी ते सदफच्या ओवैसला सांगितलं. जावई आहे, माझी बाजू घेईल वाटलं. तो दुकानात अंड्यांचे ट्रे लावत होता. मान वर न करता म्हणाला, "बरोबर बोलला." त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे भाकरी खाल्ली, कालवण घेतलं नाही.

म्हणून आता मी काही विचारत नाही. बर्फावर गाडी घसरली आणि पायाला लागलं, एवढं मला माहीत आहे. डिसेंबरात घसरली, मला जानेवारीत कळलं, तेही सदफच्या अलिनाच्या तोंडून निसटलं म्हणून. तिची आई तिला डोळे वटारत होती ते मी पाहिलं. हाड कुठलं, डॉक्टर काय म्हणतो, रात्री दुखतं का, यातलं मी काहीच विचारत नाही. व्हिडिओवर तू फक्त मानेपर्यंत दिसतोस, तेही विचारत नाही. मोबाईल जरा लांब धरला तर माणूस बरा दिसतो, एवढंच.

सदफने काल दुसरी एक गोष्ट सांगितली, त्यासाठी लिहितो आहे. तू ज्यांच्या घरी भाड्याने राहतोस त्या लोर्नाबाई रोज हॉस्पिटलात येत होत्या. नंतर तुला जिना नको म्हणून त्यांनी खालची स्वतःची खोली दिली आणि त्या वर राहायला गेल्या. त्या तिथल्या मूळच्या चेरोकी लोकांपैकी आहेत, असंही सदफ म्हणाली. मला वाटायचं ते लोक आता फक्त सिनेमात असतात. सदफने मला चांगलंच झापलं.

मला त्यांचे आभार मानायचे आहेत. आपल्या घरात ती पद्धत नाही. मी तुझ्या अम्मीला कधी शुक्रिया म्हटलं असतं तर जुबैदा म्हणाली असती, काय, कुठे बाहेरगावी चाललात का? बाहेरच्यांसाठी माझ्याकडे थँक्यू आहे, पण ते मी दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरही म्हणतो. या बाईंना तेच कसं म्हणू? मी त्यांच्या भाषेत लिहीन. तू फक्त पत्ता पाठव. बाकी काही पाठवू नकोस.

अब्बा

(पायाखाली उशी घेतोस का? हा प्रश्न नाही.)


हूरा
१ एप्रिल २०२५

नुमान,

ईद मुबारक. पत्ता मिळाला. तू तो सदफला पाठवलास आणि त्याखाली माझ्यासाठी काही लिहिलं नाहीस. हरकत नाही, पत्ता बरोबर असला की झालं. पिन कोड तपासून घेतलास ना?

चेरोकी शिकणं सुरू आहे. तिकडच्या तुमच्याच गावच्या एक पांढऱ्या केसांच्या बाई नेटवर फुकट धडे घेतात. रेकॉर्ड केलेले असतात, त्यामुळे फजरची नमाज झाल्यावर मी लावतो. काही अडलं तर सदफ माझा प्रश्न इंग्रजीत करून त्यांना ईमेल करते. त्या उत्तर देतात. पहिल्या ईमेलात त्यांनी विचारलं, तुम्ही बहारीनमधून हे का शिकताय? सदफने लिहिलं, माझ्या वडिलांना एका बाईंना थँक्यू म्हणायचं आहे. त्यांनी लिहिलं, हे कारण मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांची अक्षरं छापून मी गल्ल्यामागे चिकटवली आहेत. पहिल्या दिवशी काहीच जुळेना. डी दिसतो, त्याला अ म्हणायचं. डब्ल्यू दिसतो, त्याला ला म्हणायचं. ओवैस म्हणाला, "अब्बा, हे आपल्या सप्लायरचं बिल आहे, दिसतं एक, असतं एक." पण मग लक्षात आलं, ही तर बाराखडी आहे. आडवे स्वर, उभी व्यंजनं. ग, गे, गि, गो, गु. आणि शेवटच्या खान्यात एक स्वर आहे, त्यावर बाईंनी अख्खा धडा घालवला, कारण इंग्रजी बोलणाऱ्यांना तो जमत नाही. नाकातून काढायचा असतो. मी ऐकला, तर तो आपला अं. दाभोळच्या शाळेत सातवीपर्यंत मी तेवढंच तर पक्कं केलं होतं.

फक्त काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. ग आणि गि यांच्या तोंडावळ्यात काही म्हणजे काही नातं नाही. प्रत्येक आवाजाला वेगळं अक्षर, सगळी पाठ करायची. बाई म्हणाल्या, ज्या माणसाने ही अक्षरं बनवली त्याला स्वतःला दुसरी कुठली लिपी वाचता येत नव्हती. ते ऐकून मला धीर आला.

आभाराचा शब्द वादो. पहिलं अक्षर जी सारखं, दुसरं व्ही सारखं. एवढासा शब्द, पण मी पानभर गिरवला. त्यांच्यात र नाही, त्यामुळे लोर्नाबाईंचं नाव लोना असं लिहावं लागलं, आणि मी रहिमतुल्लाचा लहिमतुल्ला झालो. शेवटचं अक्षर पायमोडकं लिहिता येत नाही, म्हणून तू नुमाना. लोर्नाबाईंचा अपमान नको म्हणून धड्यांच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांना आवडेल.

उद्या पोस्टात टाकतो. तीन ओळी आहेत. वादो. मी नुमानाचा बाप आहे. वादो.

खरं सांगू का, या भाषेत लिहिताना मला बरं वाटतं. काळजीचा शब्द अजून धड्यात आलेला नाही, त्यामुळे लिहिता येत नाही.

अब्बा


हूरा
२ मे २०२५

नुमान,

तुझा आवाज ऐकला. तू सदफला पाठवलेली ती क्लिप तिने मला ऐकवली. ती म्हणत होती की ही तुमच्यासाठी नाही अब्बा, पण ऐका.

मला फार लाज वाटली. पत्र पोचलं ते चांगलं झालं, पण तू सांगतोस की लोर्नाबाईंना ती अक्षरं वाचताच येत नाहीत. त्यांची नानी वाचायची, त्यांना शाळेत कुणी शिकवलं नाही, आणि बोलतातही जेमतेम. मी काय केलं हे? एखाद्याने माझे आभार मानायला अशा लिपीत पत्र धाडावं की जी माझी असून मला येत नाही. सारी रात्र मी कूस बदलत होतो. त्यांना खाली बघायला लावलं मी.

क्लिपमधलं पुढचं मग सदफने पुन्हा लावलं, तेव्हा मी नीट ऐकलं. लोर्नाबाई ते पत्र घेऊन त्यांच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्यांकडे गेल्या. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटा केला, सुलटा केला, आणि विचारलं, "या माणसाने अक्षरं दोरीवर वाळत का घातली आहेत?"

रेघ. नुमान, मी वर रेघ ओढली होती. आम्हाला मास्तरांनी तसंच शिकवलं, आधी अक्षरं लिहायची, मग पट्टी ठेवून वर रेघ मारायची, नाहीतर शब्द सांडतात. तिन्ही ओळींवर मी पट्टीने रेघ मारली. सुबक मारली. बाईंना तपासायला कच्चा कागद पाठवला होता, त्यावर रेघ नव्हती, म्हणून त्यांनाही कळलं नाही.

आणि मग तू हसलास. ते सांगताना. क्लिपमध्ये मधेच तुझा आवाज फुटतो आणि तू लहानपणी हसायचास तसा नाकातून हसतोस. ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं. ओवैस म्हणाला, "अब्बा, बॅटरी संपेल." मी म्हटलं, संपू दे, चार्जर दुकानात विकायलाच ठेवलाय.

त्या म्हाताऱ्यांनी पत्र मोठ्याने वाचलं तेव्हा लोर्नाबाई रडल्या, असंही तू म्हणालास. आणि आता त्या दर रविवारी त्यांच्याकडे अक्षरं शिकायला बसतात. हे मला समजत नाही. मी तर आभार मानत होतो. सदफ म्हणते, अब्बा, चांगलंच झालं. तू काय म्हणतोस, त्यांनी मनाला लावून नाही ना घेतलं?

वयाने त्या सदफपेक्षा मोठ्या आहेत ना? मग त्या तुम्हा दोघांच्या थोरल्या बहिणीसारख्या, मी त्यांना लोर्ना आपा म्हणणार. मी म्हातारा असलो तरी.

अब्बा


हूरा
२१ मे २०२५

नुमान,

एक अडचण आहे आणि ती फक्त तूच सोडवू शकतोस. घाबरू नकोस, तब्येतीची नाही. व्याकरणाची आहे.

लोर्ना आपा अक्षरं शिकत आहेत म्हटल्यावर मला दुसरं पत्र लिहायचं आहे, या वेळी रेघेशिवाय. पण नुसतं वादो वादो किती वेळा लिहू? कशाबद्दल ते लिहायला हवं. म्हणून मी बाईंना विचारलं, "तुम्ही माझ्या मुलाला जे दिलंत त्याबद्दल आभार" हे कसं लिहायचं? मला वाटलं एका ओळीचं उत्तर येईल. त्यांनी उलट विचारलं, काय दिलं?

मी म्हटलं, काही का असेना. त्या म्हणाल्या, तसं चालत नाही. त्यांच्या भाषेत देणं एक नाही. दिलेली वस्तू कशी आहे त्यावर क्रियापद बदलतं. कापडासारखं मऊ, लवचीक असेल तर एक. काठीसारखं लांब आणि कडक असेल तर दुसरं. भांड्यातलं पातळ असेल तर तिसरं. दगडासारखं, चेंडूसारखं काही असेल तर आणखी एक. आणि जिवंत असेल, म्हणजे मूल, मांजर, कोंबडी, तर ते निराळंच.

त्या दिवसापासून माझं गल्ल्यावर लक्ष नाही. गिऱ्हाईक काही मागतं आणि मी मनात ते कुठल्या रांगेत बसतं ते बघत राहतो. लबान म्हणजे इथलं ताक, त्याची बाटली पातळात. झाडू लांब-कडक. खुब्जची रोटी मी मऊत धरली, तर ओवैस म्हणतो, "ताजी असली तर कापडात अब्बा, कालची असली तर काठीत." माझ्यापेक्षा त्याचंच जास्त डोकं चालतं यात.

पण आपांनी तुला काय दिलं, ते मला माहीत नाही. शोरबा दिला असेल तर पातळ. गोधडी दिली असेल तर मऊ. खोली दिली, ते मी विचारलं, पण खोली कुणी हातात देत नाही, त्याला हे चालत नाही म्हणाल्या. आपांनी तुझ्या हातात दिलेली एक गोष्ट मला सांग. एकच. का, कधी, कशासाठी, हे मी विचारणार नाही, ही जबान देतो. नुसतं कुठल्या रांगेतली ते सांगितलंस तरी चालेल.

अब्बा


हूरा
२५ मे २०२५

नुमान,

"लांब, कडक."

उत्तर आलं. दोनच शब्द, पण मला आले, सदफला नाही. माझ्या नंबरवर.

कुबडी असणार. मी विचारत नाही. क्रियापद मिळालं आहे, गिरवतो आहे.

अब्बा


हूरा
९ जून २०२५

नुमान,

परवा तू फोन केलास. मी केला नाही, तू केलास, हे आधी लिहून ठेवतो.

फोनवर मी फार बोललो नाही. नंतर तुला वाटलं असेल, अब्बांना धक्का बसला, की राग आला, की बीपीची गोळी शोधत होते. तसं काही नव्हतं. मी काय करत होतो ते लिहितो.

तू विचारलंस, "अब्बा, कुबडी लिहून पाठवलंत का?"

मी म्हटलं, "पाठवलं नाही. पण तपासून झालंय. कुबडी लांब-कडकमध्येच येते."

"कुबडी नाही अब्बा. पाय आहे. डावा. गुडघ्याखालचा माझा डिसेंबरातच काढला. हा बनवलेला आहे."

समोर एक गिऱ्हाईक लबान घेऊन उभं होतं. मी हाताने त्याला थांबवलं. माझ्या तोंडात सगळं एकदम आलं, कधी, कुणी सही केली, मला का नाही, दुखतं का, आता नोकरीचं काय, तू परत ये. ओवैस माझ्याकडे बघत होता. त्याने आपल्या ओठांवर बोट ठेवलं. त्यालाही माहीत होतं म्हणजे. सगळ्यांना माहीत होतं.

तू म्हणालास, "अब्बा, आहात ना?"

मी म्हटलं, "आहे. बोल तू." आणि मग म्हटलं, "आपांनी तो कसा दिला ते सांग. मला नीट लिहायचंय."

ते मी चतुराईने विचारलं नव्हतं. तेवढाच एक प्रश्न असा होता की जो विचारला तर तुझ्यावर भार पडणार नव्हता. आणि तू बोलायला लागलास. तुझ्या अम्मीच्या मयतीनंतर तू माझ्याशी इतका वेळ बोलला नव्हतास.

तू सांगितलंस की पाय आला तेव्हा तू तो कोपऱ्यात उभा केलास आणि वर टॉवेल टाकलास. हात लावायचा नाहीस. रोज सकाळी लोर्ना आपा जिन्यावरून खाली यायच्या, टॉवेल काढून घडी करायच्या, पाय दोन्ही हातांनी उचलायच्या आणि तुझ्यासमोर धरायच्या. तू घेईपर्यंत तशाच उभ्या राहायच्या. एकदा तू तो भिरकावलास. त्या बाहेर गेल्या, कॉफी ठेवली, परत आल्या, उचलला, पुन्हा धरला. एकदा तू म्हणालास, "तूच ठेव तो." त्या म्हणाल्या, "मला दोन आहेत."

इथे मी हसलो. तूही हसलास. आपण दोघं पायावरून हसलो, नुमान. ते गिऱ्हाईक लबानचे पैसे काउंटरवर ठेवून निघून गेलं.

आता तू कुणी हातात न देता पाय घालतोस, गाडीपर्यंत चालतोस, हे तू म्हणालास. बरं वाटलं ऐकून. जिना मी विचारला नाही.

फोन ठेवल्यावर मी रडलो, ते तुला सांगून टाकतो. नाहीतर तू सदफला विचारशील आणि ती खोटं बोलेल. ओवैसने शटर अर्धं खाली ओढलं आणि स्वतः बाहेर उभा राहिला. जो येईल त्याला सांगत होता, "नमाजचा टाइम आहे, खलास, नंतर या." असरच्या नमाजला अजून तासभर होता. सदफ आली तेव्हा मी तिला म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी मला इतके महिने का सांभाळलंत? ती म्हणाली, "नुमान म्हणाला, मी सांगीन. माझ्या तोंडून सांगीन. मग आम्ही कसं सांगणार?" तेव्हा माझा राग गेला. तुला स्वतः सांगायचं होतं. मला ते फोनवर कळलं नव्हतं.

आता पत्राचं. त्याच दिवशी सदफकडून बाईंना सगळं कळवलं. त्यांना विचारलं, बनवलेला पाय कुठल्या रांगेत? त्यांचं उत्तर आलं, लांब-कडकमध्ये, पूर्वी लिहिलंत तसंच.

मला ते पटेना. दुसऱ्या दिवशी फजरनंतर ते वाक्य घेऊन बसलो. जो माझ्या पोराला गाडीपर्यंत नेतो, त्याला झाडूच्या रांगेत बसवायला हात होईना. मी क्रियापद खोडून जिवंताचं लिहिलं आणि पाठवलं. बाईंनी परत केलं. म्हणाल्या, हे चूक आहे. असं लिहिलंत तर अर्थ होतो की तुम्ही माझ्या मुलाच्या हातात एखादं मूल दिलंत. त्यांना हसू येईल.

मग मी बसून विचार केला. सातवीच्या वर मी शिकलो नाही, त्यामुळे मला वेळ लागतो. पाय तुला मिळाला, ते खरं. पण हे पत्र मी लिहितो आहे. मला आपांनी काय दिलं, ते मी अजून लिहिलंच नाही. दुपारी सदफ कामावरून आल्यावर तिला म्हटलं, बाईंना शेवटचं एकदा विचार. घेणारा माझा मुलगा नाही, मी आहे. आणि दिलेली वस्तू पाय नाही, नुमान आहे. वादो, तुम्ही मला नुमान दिलात. मग जिवंताचं क्रियापद चालेल का?

सदफ बराच वेळ टाइप करत बसली. नाक पुसत होती.

आज सकाळी उत्तर आलं. तुझ्यासाठी जसंच्या तसं उतरवतो. "आता ते बरोबर आहे. तो जिवंत आहे, म्हणून."

अब्बा